लेकरांची डॉक्टरकी: पीएचसीत राहून शिकायची कशी

इंटर्नशिपमधली माझी बालरोगाची पोस्टिंग रक्ताचे नमुने लॅबला पोचवण्यात आणि रिपोर्ट फाइलला लावण्यात गेली. त्यानंतर थेट सातपुड्यात, धडगावच्या बाजूच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसीत) रुजू झाले. ओपीडीतल्या बाकावर पाहिलं, तर दर दुसऱ्या बाईच्या मांडीवर लेकरू.

दुसऱ्या आठवड्यात एका आशाताईंनी एकोणीस दिवसांचं बाळ आणलं. मला नाक चोंदलेलं दिसलं. नाकात टाकायला सलाइनचे थेंब लिहिले आणि पुढचा केसपेपर ओढला. ताई टेबलापासून हलेनात. म्हणाल्या, "मॅडम, मी दोनदा मोजले. अडुसष्ट आणि सत्तर." श्वास. मी एकदाही मोजले नव्हते. बाळ त्याच दुपारी एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या खास कक्षात गेलं आणि वाचलं. ताई आठवी पास, मी एमबीबीएस.

हा लेख माझ्यासारख्यांसाठी आहे: सक्तीच्या सरकारी सेवेच्या बाँडवर आलेले, कंत्राटी, ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीला एकटे असणारे, बीएएमएस असून अख्खी पीएचसी सांभाळणारे. बालरोगतज्ज्ञ दोन घाट पलीकडे असताना हा विषय कोणत्या क्रमानं शिकावा, ते सांगते. मी उलट्या क्रमानं शिकले, आधी सर्टिफिकेटं आणि मग हात. तुम्ही तसं करू नका.

१. आधी जुनी रजिस्टरं उघडा

पहिल्या महिन्यातला एक रविवार यासाठी ठेवा. ओपीडी, आंतररुग्ण, प्रसूती, रेफरल आणि मृत्यू अशी पाच रजिस्टरं घ्या, मागच्या एका वर्षाची. पाच वर्षांखालची मुलं तेवढी वेगळी काढा. एका वहीत आडवे बारा महिने आणि उभे आजार आखून काड्या मारा.

माझ्या वहीत पावसाळ्यात जुलाब दाटले होते, थंडीत न्यूमोनिया. तिसरा गठ्ठा मला अपेक्षित नव्हता, तो होळीच्या आसपास होता. ऊसतोडीला गुजरातेत गेलेली कुटुंबं होळीला परततात, आणि दिवाळीनंतर वजन न घेतलेली, गोवर-रुबेलाचा डोस चुकलेली मुलं एकदम समोर येतात. हे मला कोणत्याही पुस्तकानं सांगितलं नसतं. तुमची यादी वेगळी निघेल. कोकणात असाल तर विंचू वरच्या ओळीत येईल. महाडच्या भागात प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या बारीक नोंदी ठेवल्या आणि पुढे त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग 'लान्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे मांडला. त्यांच्याकडेही सुरुवातीला वहीच होती.

यादीतले पहिले दहा आजार म्हणजे तुमचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम. बाकीचं नंतर. दुर्मीळ सिंड्रोम वाचायला मजा येते, मलाही येते, पण ते रात्री दोनला दार वाजवत नाहीत.

इथे एक फसगत होते. मृत्यूचं रजिस्टर खरं मानू नका. घरी गेलेली बाळं त्यात कमी असतात, आणि 'मृत जन्म' म्हणून लिहिलेल्यांत जन्मल्यावर एखादा श्वास घेतलेलीही असतात. मासिक सभेनंतर आशांना चहाला थांबवा आणि एकेका पाड्याबद्दल विचारा. मात्र चौकशीच्या सुरात विचारलंत तर कुणी बोलणार नाही.

२. सेकंदकाट्याचं घड्याळ घ्या आणि मोजा

बालरोगातलं सगळ्यात स्वस्त यंत्र हेच. मोबाइलही चालतो, पण मधेच फोन येतो.

पूर्ण एक मिनिट मोजायचं. तीस सेकंद मोजून दुप्पट करायचं नाही, कारण लहान बाळाचा श्वास एका लयीत नसतो. मूल शांत हवं, आईच्या मांडीवर, पोट उघडं. रडत असेल तर थांबा, पाजू द्या, मग मोजा. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त असेल तर श्वास जलद. दोन महिन्यांखालच्या बाळात ६० किंवा जास्त आकडा आला तर पुन्हा एकदा मोजा. दोन्ही वेळा आला तरच धरा.

मग छातीच्या खालच्या फासळ्या श्वास घेताना आत ओढल्या जातात का ते पाहा. आया त्याला 'पोट उडतंय' म्हणतात आणि त्या बहुधा बरोबर असतात. त्यानंतर धोक्याची चार चिन्हं विचारा: काही पिऊ शकत नाही, सगळं ओकून टाकतं, आकडी आली, किंवा सुस्त-बेशुद्ध आहे. यातलं एक जरी असेल तरी निदानाची चर्चा गाडीत बसल्यावर करा.

हे सगळं 'आयएमएनसीआय'च्या, म्हणजे नवजात आणि लहान मुलांचे आजार एकत्रित हाताळण्याच्या पद्धतीच्या रंगीत तक्त्यात आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मूळ पद्धतीत भारतानं पहिल्या सात दिवसांची बाळंही घेतली. गुलाबी म्हणजे पाठवा, पिवळा म्हणजे इथेच उपचार, हिरवा म्हणजे घरी काळजी. सुरुवातीला मला हा तक्ता बाळबोध वाटला होता, 'हे तर एएनएमचं', म्हणजे गावपातळीवरच्या आरोग्यसेविकेचं काम, असं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं गावातल्या स्त्रियांना असंच बघायला, मोजायला आणि जंतुसंसर्ग ओळखून उपचार करायला शिकवलं. १९९९ साली 'लान्सेट'मध्ये आलेल्या त्या कामात नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला होता. तेव्हा बाळबोध म्हणून बाजूला सारण्याआधी तक्ता टेबलाच्या काचेखाली सरकवा.

नवजात बाळांबाबत एक गोष्ट कायमची लक्षात ठेवा. ताप जितका वाईट, तितकंच गार पडणंही. काखेतलं तापमान ३५.५ अंश सेल्सिअसच्या खाली असलेलं, दूध न ओढणारं, हालचाल मंदावलेलं बाळ म्हणजे जंतुसंसर्ग, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत. आई सांगेल, "दोन दिवस शांत झोपतंय." त्या वाक्याला घाबरायला शिका.

३. सरकारी प्रशिक्षणं मागून घ्या

आपोआप नाव येईल म्हणून बसलात तर बदली होईपर्यंत येणार नाही. तीन प्रशिक्षणं या क्रमानं मागा.

एनएसएसके, म्हणजे नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम: दोन दिवसांचं, जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळासाठी. तुमच्याकडे प्रसूती होत असतील तर हे आधी. मग आयएमएनसीआय, आठ दिवसांचं. त्यात रुग्णालयातले उपचार जोडून झालेलं एफ-आयएमएनसीआय अकरा दिवसांचं, डॉक्टरांनी जमल्यास तेच घ्यावं. तिसरं एफबीएनसी, म्हणजे रुग्णालयातल्या नवजात बाळांच्या काळजीचं: चार दिवस वर्ग आणि मग दोन आठवडे एसएनसीयूत.

अर्ज तालुका आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे, आणि एक प्रत माता-बाल संगोपन बघणाऱ्या अधिकाऱ्यांना. आवक क्रमांक घेतल्याशिवाय ऑफिसातून निघू नका. माझा पहिला अर्ज कुठल्या टेबलाखाली गेला ते आजवर कळलेलं नाही. दुसऱ्यावर शिक्का होता, म्हणून विचारता तरी आलं.

सोबत ठेवायची कागदपत्रं:

- वैद्यकीय परिषदेच्या नोंदणीची प्रत, नूतनीकरणासह
- नियुक्ती आदेश आणि रुजू अहवाल
- नामनिर्देशनाचं पत्र आणि कार्यमुक्तीचा आदेश, दोन्ही वेगवेगळे असतात
- कार्यभार कुणाकडे दिला त्याचं पत्र
- आधीच्या प्रशिक्षणांची प्रमाणपत्रं, दोन फोटो, प्रवासभत्त्यासाठी बँक पासबुकाची प्रत

बहुतेक जण अडकतात ते कार्यभारावर. शेजारच्या पीएचसीतल्या डॉक्टरांशी आधीच ठरवा: तुमच्या वेळी मी, माझ्या वेळी तुम्ही. दोघांच्या सहीचं पत्र अर्जालाच जोडलं तर 'केंद्र रिकामं राहील' हे कारण उरत नाही. जुलै-ऑगस्टची बॅच मागू नका, जुलाबाच्या दिवसांत कुणी सोडणार नाही. मार्चअखेरच्या बॅचा निधी संपवण्याच्या घाईत उरकल्या जातात. अशा एका बॅचमध्ये आम्ही वॉर्ड पाहिलाच नाही, सगळं पडद्यावर. वॉर्डातली सत्रं नसतील तर पहिल्याच दिवशी समन्वयकांना विचारा. आजारी मूल न पाहता आयएमएनसीआय शिकणं म्हणजे विहिरीच्या काठावर बसून पोहणं शिकणं.

४. एसएनसीयूत दोन आठवडे

याला पर्याय नाही. एफबीएनसीत नाव लागलं नाही, तर जिल्हा शल्यचिकित्सकांकडे विनंती अर्ज करून रजेत जा. मी दिवाळीच्या सुट्टीत गेले होते, घरचे अजून बोलून दाखवतात.

तिथे डॉक्टरांच्या मागे राउंडला फिरण्यात पहिले तीन दिवस घालवू नका. सिस्टरांच्या हाताखाली जा. सलाइनचा कॅथेटर बाळाच्या हातात कसा बसवायचा, नळीनं दूध किती आणि कसं द्यायचं, वाटी-चमच्यानं पाजताना मान कशी धरायची, वॉर्मरचा, म्हणजे बाळाला ऊब देणाऱ्या यंत्राचा, प्रोब कुठे चिकटवायचा, हे त्यांच्याइतकं कुणाला येत नाही. मायक्रोड्रिप सेटमध्ये साठ थेंबांचं एक मिली होतं, म्हणून मिनिटाला जितके थेंब तितके तासाला मिली, हे गणित मला तिथल्या एका सिस्टरनं रात्री तीन वाजता शिकवलं. पाच वर्षांच्या कॉलेजात ते डोक्यात शिरलं नव्हतं.

वहीच्या मागच्या पानावर कौशल्यांची यादी करून प्रत्येकासमोर 'पाहिलं, मदतीनं केलं, एकटीनं केलं' असे तीन रकाने आखा. निदान पिशवी-मास्कनं श्वास देणं, कॅथेटर लावणं, साखर तपासणं, नळीनं दूध देणं आणि कांगारू पद्धतीनं बाळ बांधणं, एवढ्यांचा तिसरा रकाना भरल्याशिवाय परत येऊ नका. व्हेंटिलेटर बघण्यात मी पूर्ण एक दिवस घालवला. उगीच. आपल्याकडे तो नाही.

संध्याकाळी मात्र डॉक्टरांना एक प्रश्न रोज विचारा: "आज रेफर होऊन आलेल्या बाळासाठी पाठवणाऱ्यानं काय करायला हवं होतं?" मला बहुतेक दिवस एकच उत्तर मिळालं. बाळ गार आलं, साखर उतरलेली होती, अँटिबायोटिकचा पहिला डोस दिलेला नव्हता. पाठवण्याआधी डोस, निघण्याआधी आईचं किंवा काढलेलं दूध, आणि वाटेत बाळ आईच्या छातीला उघड्या त्वचेनं चिकटलेलं, वरून टोपी आणि चादर. या तिन्हींना वीज लागत नाही.

५. वाचायचं काय, आणि औषधाची बाटली

दोन गोष्टी मोबाइलमध्ये उतरवून ठेवा, कारण घाटात रेंज नसते: जागतिक आरोग्य संघटनेचं लहान मुलांच्या रुग्णालयीन उपचारांचं खिशातलं पुस्तक (दुसरी आवृत्ती २०१३ ची, मोफत मिळते) आणि भारतीय बालरोग अकादमीची प्रमाणित उपचार मार्गदर्शिका. जाडजूड ग्रंथ घ्या, पण संदर्भासाठी. एका आजारी मुलावर रात्री दोन पानं वाचलेली राहतात. सलग वाचलेली चाळीस राहत नाहीत.

वाचताना समोर स्वतःच्या कपाटातली औषधं ठेवा. चूक आकड्यात होत नाही, बाटलीत होते. पॅरासिटामॉलचे थेंब मिलीला १०० मिग्रॅ असतात, सिरप ५ मिलीला १२५ किंवा २५०. दहा किलोच्या मुलाला १५० मिग्रॅ द्यायचं, तर १२५ चं सिरप ६ मिली आणि थेंब दीड मिली. आईला 'एक चमचा' सांगितलं आणि घरात थेंबांची बाटली असली, तर किती गेलं ते मोजा. म्हणून चिठ्ठीवर मिली लिहा, आणि सिरिंजवर पेनानं रेघ मारून द्या. मी वजन घेतल्याशिवाय केसपेपर पुढे सरकू देत नाही. सुरुवातीला रांग कुरकुरते, पंधरा दिवसांत सवय होते.

खोकल्याची सिरपं कपाटातून काढूनच टाका. २०२५ च्या ऑक्टोबरात छिंदवाड्यात मुलांचे जीव गेल्यावर केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयानं कळवलं की दोन वर्षांखालच्या मुलांना ती देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली सहसा देऊ नयेत. आई रिकाम्या हातानं जायला तयार नसते, हे मान्य. मग श्वास मोजून तिला आकडा सांगा, आणि 'पोट उडलं की लगेच ये' हे तिच्याकडून म्हणवून घ्या.

जुलाबात ओआरएस आणि झिंक: दोन ते सहा महिने १० मिग्रॅ, त्यापुढे २० मिग्रॅ, चौदा दिवस. थोडी शुष्कता असेल तर किलोमागे ७५ मिली ओआरएस चार तासांत, आपल्या डोळ्यांसमोर, ओपीडीच्या बाकावर. यात सगळ्यात घातक चूक अतिकुपोषित मुलात होते. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी किंवा दोन्ही पावलांवर सूज असेल, तर सैल त्वचा आणि खोल डोळे शुष्कता नसतानाही दिसतात. ते बघून भराभर सलाइन सोडलं की हृदयावर ताण येतो. अशा मुलासाठी पुस्तकातलं वेगळं प्रकरण आहे. ते आधी वाचा, रात्री गरज पडल्यावर नाही.

६. जिल्ह्यात एक माणूस जोडा

एसएनसीयूत गेलात की तिथल्या एका बालरोगतज्ज्ञांचा नंबर घ्या आणि कोणत्या वेळी फोन चालेल ते विचारा. 'कधीही करा' म्हणाले तरी शहाणपणानं करा.

फोन पाच वाक्यांचा असावा. वय आणि वजन. आई काय सांगते. आकडे: श्वास, ऑक्सिजन, तापमान, साखर. मी काय दिलं. मला काय विचारायचं आहे. माझा पहिला फोन "सर, बाळ बरं वाटत नाहीये" असा होता. सर शांतपणे म्हणाले, "वजन सांगा," आणि मी वजन घ्यायला पळाले.

पाठवलेल्या मुलाचं काय झालं, ते तिसऱ्या दिवशी विचारा आणि वहीत लाल पेनानं लिहा. माझं निदान चुकलेले केस त्या लाल ओळींमुळेच आठवतात. व्हॉट्सॲपवर चेहऱ्याचे फोटो आणि नावं टाकू नका, ग्रुप डॉक्टरांचा असला तरी. पुरळाचा फोटो, वय, वजन पुरे. दिवसा तातडी नसेल तेव्हा ई-संजीवनी ही सरकारची ऑनलाइन सल्ला सेवा वापरता येते, पण गुदमरणाऱ्या बाळासमोर कॅमेरा लावून बसू नका.

७. दर पंधरवड्याला दहा मिनिटं

पिशवी-मास्कचं कौशल्य काही महिन्यांत हातातून निसटतं. पुतळा नसेल तर मास्कचा सराव बाहुलीवर करा. छाती उचलली जाते का हे मात्र पुतळ्यावरच दिसतं, जिल्हा प्रशिक्षण केंद्राकडून तो उसना मिळतो. प्रसूतीगृहात सिस्टर, एएनएम, सफाई मावशी आणि तुम्ही. मावशींनाही घ्या, रात्री ऑक्सिजनचा सिलिंडर त्याच ढकलत आणतात. बाळ रडलं नाही, असं ओरडायचं आणि घड्याळ लावायचं. पहिल्या मिनिटाच्या आत श्वास द्यायला सुरुवात झाली पाहिजे. वेग मिनिटाला ४० ते ६०, 'दाब, दोन, तीन' या लयीत.

आमच्या पहिल्या सरावात मास्क सापडायलाच मिनिट गेलं, तो कुलूपबंद कपाटात होता आणि किल्ली घरी गेलेल्या सिस्टरकडे. तेव्हापासून २५० मिलीची पिशवी आणि ० व १ नंबरचे मास्क वॉर्मरच्या खिळ्याला टांगलेले आहेत. साठा तपासायला आलेल्यांनी एकदा 'वस्तू कपाटात नाही' असा शेरा मारला. मारू दे.

८. क्रेडिट, कोर्स आणि पाटी

महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट, म्हणजे सततच्या वैद्यकीय शिक्षणाचे गुण, लागतात. परिषदेची मान्यता असलेला कार्यक्रम आहे का, ते फी भरण्याआधी बघा. नंतर मिळणारं रंगीत सर्टिफिकेट सगळीकडे सारखंच दिसतं. शेवटच्या वर्षी धावपळ नको म्हणून बालरोग अकादमीच्या जिल्हा शाखेच्या सभांना जा. तिथे एमबीबीएस डॉक्टरांना बसू देतात, आणि जेवणाच्या रांगेत झालेली ओळख व्याख्यानापेक्षा जास्त कामी येते.

ऑनलाइन कोर्स करा, मीही केले. पण काही महिन्यांच्या कोर्सवर पाटीवर 'बालरोगतज्ज्ञ' लिहू नका. मान्यताप्राप्त विशेष पदवी नसताना तज्ज्ञ म्हणवून घ्यायला वैद्यकीय आचारसंहितेत मनाई आहे. खरंच त्या वाटेनं जायचं असेल तर एमडी, डीएनबी किंवा बालआरोग्याची मान्य पदविका, आणि त्याची तयारी पीएचसीत बसून होते. तीन वर्षं आजारी मुलं बघितलेल्याला प्रश्नपत्रिका अनोळखी वाटत नाही.

बदलीचा आदेश आला की वही घेऊन जाऊ नका, फोटो काढून घ्या. कार्यभार देताना ती नव्या डॉक्टरांच्या हातात द्या: महिन्यांचा तक्ता, लाल ओळी, जिल्ह्याच्या सरांचा नंबर आणि त्यांना चालणाऱ्या वेळा. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर त्या आशाताईंचा पाडा लिहिलेला आहे, आणि पुढे दोन आकडे: ६८, ७०.